मिडसोम्मार बाहेर, गवतावर कसा साजरा करायचा: स्वीडनमधल्या आपल्या मंडळींसाठी

स्वीडनमध्ये नवीन आलेल्या आपल्या लोकांचं जूनमध्ये एक ठरलेलं असतं. ऑफिसात सगळे मिडसोम्मार मिडसोम्मार (म्हणजे मधल्या उन्हाळ्याचा सण) करत असतात, गुरुवारी दुपारनंतर ऑफिस रिकामं होतं, शुक्रवारी शहरात चिटपाखरू दिसत नाही, आणि आपण घरात बसून विचार करतो की एवढा मोठा सण आहे तर लोक गेले कुठे? लोक गावाला गेलेले असतात. कुणी बेटावर, कुणी तळ्याकाठच्या लाकडी घरात, कुणी आजी-आजोबांकडे. हा सण घराबाहेरचा आहे, आणि शहरात तर तो सापडतच नाही, शोधायला लागतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण माझं ठाम मत आहे की स्वीडनमध्ये एकच सण धड साजरा करायचा असेल तर तो हा करा, आणि तो बघायला जाऊ नका, करायला जा. दुपारी सणाचा पानाफुलांनी सजवलेला खांब उभा राहिल्यावर पोचून चार फोटो काढून परत येणारे खूप असतात, त्यांना सण अर्धासुद्धा कळत नाही. सकाळी पानं बांधायला जे येतात त्यांना कळतो.

आधी तारखेचं बघू, कारण कॅलेंडरमध्ये लोक इथेच फसतात. मिडसोम्मार शनिवारी असतो, २० ते २६ जूनच्या मधल्या शनिवारी, आणि सरकारी सुट्टी त्या शनिवारची असते. पण खरा सण आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, त्याला मिडसोम्मारआफ्तोन म्हणतात. तो १९ ते २५ जूनमध्ये पडतो. २०२६ ला १९ जूनला आहे आणि २०२७ ला २५ जूनला. शुक्रवार कागदोपत्री लाल तारीख नसला तरी बहुतेक कंपन्या बंदच असतात, तरी आपल्या ऑफिसात एकदा विचारून घ्या. १९५३ च्या आधी हा सण थेट २४ जूनलाच असायचा, मग लाँग वीकएंड जुळावा म्हणून शनिवारी आणला. २४ जून म्हटल्यावर गोव्याच्या वाचकांना लगेच क्लिक होईल, तोच सांजावचा दिवस, बाप्तिस्मा देणाऱ्या सेंट जॉनचा जन्मदिवस. तिकडे डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, इकडे डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून खांबाभोवती नाचतात. युरोपात मधल्या उन्हाळ्याच्या जुन्या चालीरीती या संताच्या दिवसाला चिकटल्या, आणि त्यातलीच एक शाखा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात पोचली. त्यामुळे ज्यांचं आजोळ गोव्यात आहे त्यांना हा सण अजिबात परका वाटणार नाही.

जायचं कुठे

कुणी स्वीडिश सहकाऱ्याने घरी बोलावलं तर प्रश्नच मिटला, हो म्हणा, दुसरे प्लॅन असतील तर ते बदला. इथले लोक घरी पटकन बोलावत नाहीत, आणि मिडसोम्मारला बोलावलं म्हणजे तुम्हाला घरच्यांत धरलं.

आमंत्रण नसेल तरी काही अडत नाही. प्रत्येक गावात आणि शहराच्या बाहेरच्या भागात हेमबिग्ड्सफरेनिंग म्हणजे गावाचा वारसा सांभाळणारी मंडळं असतात, त्यांची जुन्या लाकडी घरांची एक जागा असते, तिला हेमबिग्ड्सगोर्ड म्हणतात. तिथे दरवर्षी खांब उभारतात आणि कुणीही गेलेलं चालतं. बऱ्याच ठिकाणी फुकट असतं, फार तर पार्किंगचे किंवा थोडेफार एंट्रीचे पैसे. आपल्या कम्यूनच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) साइटवर किंवा गावाच्या फेसबुक ग्रुपवर जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत वेळापत्रक येतं. माझा सल्ला असा की अशी छोटी, गावची जागाच निवडा. स्टॉकहोममध्ये स्कान्सेन आहे, १८९१ मध्ये सुरू झालेलं उघड्यावरचं म्युझियम, तिथला मिडसोम्मार छानच असतो, पारंपरिक कपड्यातले नाचणारे, व्हायोलिन, सगळं, आणि गाडी नसेल तर ते सगळ्यात सोपं. पण गर्दी प्रचंड आणि तिकीट लागतं, आणि गर्दीत तुमच्या वाट्याला बघणंच जास्त येतं. उप्सालावाल्यांना गाम्ला उप्सालाजवळचं दिसागोर्डेन आहे.

आणि जर पूर्ण वीकएंड काढायचा असेल तर मध्य स्वीडनमधला दालार्ना प्रांत. सिल्यान तळ्याभोवतालची गावं, लेक्सांद, रेटविक, मूरा, ही मिडसोम्मारची पंढरी म्हणा हवं तर. लेक्सांदला शुक्रवारी संध्याकाळी हजारो लोक जमतात, तळ्यावरून चर्चबोटी, म्हणजे पूर्वी चर्चला जायला वापरायचे त्या लांब बोटी, वल्हवत येतात, व्हायोलिनवाले पुढे चालतात. दालार्नात बऱ्याच गावांत खांब वर्षभर उभाच ठेवतात, हिवाळ्यात बर्फातही वाळलेल्या पानांसकट दिसतो. पण तिथली हॉटेलं आणि केबिन फार आधी भरतात, मेमध्ये शोधायला बसलात तर मिळणं कठीण. ट्रेनचंही तेच, गुरुवारची तिकिटं लवकर काढा. शुक्रवारी बस-ट्रेन सुट्टीच्या वेळापत्रकाने चालतात, म्हणजे तासाला एक असेल तर दोन तासांनी एक होते आणि काही बंदच, परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा.

सामान आठवडाभर आधीपासून

इथे दुकानं शुक्रवारी लवकर बंद होतात, आणि सिस्टेमबोलागेट, म्हणजे सरकारी दारूचं दुकान, शुक्रवारी आणि शनिवारी दोन्ही दिवस बंद आणि रविवारी तर ते कधीच उघडत नाही. ३.५ टक्क्यांच्या वरचं जवळपास सगळंच फक्त तिथेच मिळतं, वय २० पूर्ण लागतं. घेणार असाल तर बुधवारपर्यंत घ्या, गुरुवारची रांग रस्त्यापर्यंत येते. पित नसाल तर काहीच अडचण नाही, फुलांचं एल्डरफ्लॉवर सरबत, इथे त्याला फ्लेडर म्हणतात, ते पाण्यात घालून सगळेच पितात आणि कुणी आग्रह करत नाही.

स्ट्रॉबेरी मात्र गुरुवारी घ्या, आधी घेतल्या तर टिकत नाहीत. रस्त्याच्या कडेला आणि मॉलबाहेर टेबल लावून विकतात, स्वीडिश स्ट्रॉबेरी असा बोर्ड बघून घ्या, महाग असतात पण चवीत फरक आहे. महाबळेश्वरवाल्यांचं समाधान होणं कठीण, पण इथे उजेड एवढा लांबलचक असतो की फळ सावकाश पिकतं आणि त्यात गोडी भरते. फेटलेलं क्रीम बरोबर असलं की झालं. केक करायचा असेल तर दुकानात तयार तीन थरांचे स्पंज मिळतात, मधे क्रीम आणि कुस्करलेल्या स्ट्रॉबेरी, वर अख्ख्या, पंधरा मिनिटांचं काम.

मुख्य जेवण म्हणजे सिल, हेरिंग माशाचं गोड-आंबट लोणचं म्हणा, आणि त्याबरोबर नवे बटाटे. मासे खाणाऱ्यांनी बरण्या विकतच आणा, मोहरीचा, कांद्याचा आणि मात्येस असे तीन प्रकार घेतले की पुरे. सोबत ग्रेडफिल म्हणजे आंबट साय, तिच्यावर बारीक कापलेली चाइव्हज (कांद्याच्या पातीसारखी पात), क्नेकेब्रो म्हणजे कडक कुरकुरीत ब्रेड, आणि चीज. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी मोहरीच्या प्रकारापासून सुरू करा, गरम बटाटा, त्यावर मासा, त्यावर साय, असा एकत्र घास घ्या. नुसता मासा खाऊन तोंड वाकडं करणारे बरेच बघितलेत, ते तसं खायचंच नसतं.

शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी वांगं. खरंच, स्वीडिश शाकाहारी लोकसुद्धा वांग्याचं सिल करतात आणि ते फार छान लागतं. इथे सगळ्या लोणच्यांचं एक प्रमाण आहे, एक-दोन-तीन. एक भाग एट्टिका, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. एट्टिका म्हणजे इथलं व्हिनेगर, पण बाटलीवर १२ टक्के आहे का २४ ते बघा, प्रमाण १२ चं आहे, २४ ची बाटली असेल तर आधी तेवढंच पाणी घालून निम्मं करा नाहीतर घसा धरेल. १ डेसिलिटर (१०० मिली) एट्टिका, २ डेसिलिटर साखर, ३ डेसिलिटर पाणी एकत्र उकळून साखर विरघळली की गार करा, आत पाच-सहा दाणे ऑलस्पाइस (दुकानात क्रिड्डपेप्पार विचारा) आणि दोन तमालपत्रं. दोन मध्यम वांगी सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे, मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळा, थोड्या तेलात परता, मऊ व्हायला हवेत पण आकार राहायला हवा. बरणीत वांगं, लाल कांद्याच्या चकत्या, गाजराच्या चकत्या असे थर लावून वरून हे गार केलेलं व्हिनेगरचं पाणी ओता, एक रात्र फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी शेपू कापून घाला. हेच एक-दोन-तीन पाणी काकडीच्या पातळ चकत्यांवर घातलं की कोशिंबिरीची सोय झाली.

शेपूवरून आठवलं. आपल्याकडे शेपू म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात, आणि इथे तर जूनमध्ये शेपूशिवाय पानच हलत नाही. नवे बटाटे सोलायचे नाहीत, नुसते ब्रशने घासायचे, साल एवढी पातळ असते की अंगठ्याने निघते. पाण्याला चांगली उकळी आली, त्यात मीठ आणि शेपूच्या जाड काड्या टाकल्या, की मग बटाटे घालायचे. मंद आचेवर पंधरा मिनिटांच्या आसपास, सुरी सहज गेली की लगेच पाणी काढून टाका, पातेलं झाकण न लावता दोन मिनिटं ठेवा म्हणजे वाफ निघून जाते. बाहेर न्यायचे असतील तर पातेल्यासकट टॉवेलमध्ये गुंडाळा आणि बॅगेत घाला, दीड-दोन तास सहज गरम राहतात. वरून लोणी आणि ताजा शेपू जेवताना.

जेवण सहसा क्नितकलास असतं, प्रत्येकाने काहीतरी आणायचं. यजमानांना स्पष्ट विचारा काय आणू, ते सांगतात ते आणा, आणि त्यासोबत आपलं एक काहीतरी. माझी निवड म्हणजे वडी, कोथिंबिरीची किंवा त्याहून भारी म्हणजे शेपूची, उकडून तळलेली. गार झाली तरी चालते, हातात धरून खाता येते, दूध-अंडं-ग्लूटेन काही नाही (हिंगाच्या डबीवर मात्र बघून घ्या, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं). शेंगदाण्याचं काही नेणार असाल तर आधी सांगा, ॲलर्जीबद्दल इथे फार काटेकोर असतात.

सकाळ: पानं आणि फुलं

आता मुख्य काम. कार्यक्रमपत्रिकेत दोन वेळा लिहिलेल्या असतात, एक खांब सजवायची, साधारण सकाळी १० ते ११, आणि एक उभारायची, साधारण दुपारी १ ते ३. दालार्नात बऱ्याच ठिकाणी उभारणी संध्याकाळी असते. तुम्ही सजवायच्या वेळेला जा. कुणी हातात माईक घेऊन बोलवणार नाही, पण गवतावर खांब आडवा ठेवलेला असतो, शेजारी बर्चच्या फांद्यांचा ढीग, बादल्यांमध्ये फुलं, आणि दहा-पंधरा लोक, त्यात म्हाताऱ्या बायका जास्त, काम करत असतात. जवळ जाऊन एवढंच विचारा, मी मदत करू का? इंग्रजीत विचारलं तरी चालतं. लगेच हातात दोऱ्याचं रीळ देतात. ट्रेनमध्ये शेजारची सीट सोडून बसणारे लोक इथे तासभर तुमच्याशी गप्पा मारतात, कारण हातात काम आहे आणि बोलायला विषय समोर पडलेला आहे. मला स्वीडनमधल्या ओळखी ज्या झाल्या त्यातल्या कितीतरी अशा फांद्या बांधतानाच झाल्या.

खांबाचा आकार ठिकठिकाणी बदलतो पण नेहमीचा म्हणजे उंच खांब, वर आडवी काठी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक मोठी गोल रिंग लटकलेली. खांब बांधायला खालून सुरुवात करू नका, वरच्या टोकापासून खाली या. मूठभर फांद्या घ्यायच्या, वीतभर लांबीच्या, पानांची टोकं खांबाच्या वरच्या बाजूला, देठ खालच्या बाजूला, दोऱ्याने दोन वेढे आवळून, मग पुढची मूठ अशी ठेवायची की आधीचे देठ झाकले जातील. दोरा तोडायचा नाही, तोच पुढे चालू. नवीन माणूस नेहमी सैल बांधतो, आणि मग खांब उभा करताना हादरा बसला की अर्धी पानं खाली येतात, त्यामुळे दोरा बोटाला रुतेल इतका ओढा, बागकामाचे हातमोजे न्या. रिंगांना फुलं जास्त लागतात, ती शेवटी.

डोक्यावरचा मुकुट तिथेच बसून करता येतो पण फुलं आदल्या संध्याकाळी तोडून पाण्यात ठेवली तर दिवसभर टिकतो. कोणती फुलं? प्रेस्टक्रागे म्हणजे पांढरी डेझी, गुलाबी क्लोव्हर, जांभळं मिडसोम्मारब्लोम्स्तर, निळं ब्लोक्लिंट मिळालं तर. क्लोव्हर आणि डेझी मस्त टिकतात. पिवळी बटरकप दिसायला गोड पण तासाभरात माना टाकतात. रस्त्याकडेला जांभळे-गुलाबी लुपिनचे तुरे ढिगाने असतात, ते हवे तेवढे तोडा, ही झुडपं इथली मूळची नाहीत आणि बाकीच्या रानफुलांना मारतात, फक्त उरलेले तुरे रानात फेकू नका, बी पडतं, पिशवीत घालून कचऱ्यात टाका.

कृती अशी. बर्चच्या दोन-तीन लवचिक काड्या, किंवा पातळ तार, डोक्याभोवती गुंडाळून माप घ्या आणि बोटभर मोठी रिंग करा, कारण फुलं लागली की आतून घट्ट होते. फुलांचे देठ चार बोटं ठेवून कापा. तीन फुलं आणि थोडं पान असा इवलासा गुच्छ करा, रिंगवर ठेवा, बारीक तारेने तीन वेढे. पुढचा गुच्छ आधीच्या देठांवर झाकून, त्याच दिशेने. पंचवीसेक गुच्छांत पूर्ण होतो. शेवटचा गुच्छ पहिल्याच्या फुलांखाली सरकवायचा, तिथे घाई केली तर सांधा दिसतो. आपल्याकडे ज्यांनी गजरे आणि वेण्या केल्यात त्यांची बोटं या कामात बसतातच, माझ्या ओळखीच्या एका मावशी महिनाभरासाठी लेकीकडे आल्या होत्या, भाषेचा एक शब्द येत नव्हता, आणि त्यांच्याभोवती गोळा झालेल्या सात-आठ स्वीडिश मुली तार न वापरता नुसत्या दोऱ्यावर मुकुट कसा करायचा ते शिकून गेल्या.

फुलं तोडण्याचे नियम माहीत हवेत. अल्लेमान्सरेट्टेन, म्हणजे निसर्गात फिरण्याचा सगळ्यांचा हक्क, त्यानुसार रानात फिरायला, रानफुलं आणि बेरी तोडायला, एखादी रात्र तंबू टाकायला परवानगी आहे, १९९४ पासून हा हक्क संविधानातही नमूद आहे. पण जिवंत झाडाच्या फांद्या तोडणं त्यात बसत नाही, बर्च हवा असेल तर जमीनमालकाला विचारायचं किंवा आयोजकांच्या ढिगातून घ्यायचं. कुणाच्या अंगणातून नाही, उभ्या पिकातून किंवा चाऱ्यासाठी राखलेल्या गवतातून चालायचं नाही. ऑर्किडच्या सगळ्या जाती संरक्षित आहेत, जंगलात जांभळा तुरा दिसला आणि खात्री नसेल तर हात लावू नका. नेचर रिझर्व्हमध्ये बहुतेक वेळा फुलं तोडायला बंदीच असते, पाटी वाचा.

दुपार: खांब आणि नाच

उभारायच्या वेळी व्हायोलिनवाल्यांची मिरवणूक येते, कधी न्यिकेलहार्पा हे त्यांचं जुनं चाव्यांचं तंतुवाद्यही असतं. खांब मोठा असेल तर तो हाताने एकदम उचलत नाहीत. दोन-दोन लांब काठ्या टोकाला बांधून कात्रीसारख्या करतात, त्या खांबाखाली लावून थोडा वर, मग दुसरी जोडी पुढे, पुन्हा थोडा वर. एक माणूस ओरडून इशारा देतो, सगळे एकदम ढकलतात, थांबतात, श्वास घेतात, परत. मोठा खांब चढायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो आणि मधे तो तिरका लोंबकळत असताना सगळं मैदान गप्प होतं. काठीला हात लावायचा असेल तर विचारा, ताकदीची माणसं त्यांना हवीच असतात, पण इशारा देणाऱ्याचं शंभर टक्के ऐका आणि लहान मुलांना खांबाच्या उंचीएवढं लांब ठेवा.

मग नाच. गोलात गोल, आत लहान मुलं, बाहेर मोठे. गाणी मुलांचीच आहेत, बँकेतले मॅनेजर आणि पणजोबा सगळे त्यावर नाचतात. सगळ्यात प्रसिद्ध बेडकांचं, बेडकांना कान नाहीत, शेपूट नाही, असं म्हणत आधी हात कानाशी आणि मग मागे शेपटीसारखे नेऊन उड्या मारत जायचं. दुसरं कपडे धुण्याचं, सोमवारी धुतो, मग पिळतो, वाळत घालतो, असा आठवडाभर. शब्द येत नसले तरी समोरच्याचे हात बघा, दुसऱ्या फेरीला येतं. बाहेर उभं राहून व्हिडिओ काढत बसू नका, फोन खिशात, शेजारच्याचा हात धरा. मुलांना तर ढकलायलाही लागत नाही.

नाचानंतर खेळ, आणि ते आपल्याला आयतेच येतात: पोत्याची शर्यत, चमच्यात बटाटा घेऊन पळणं, रस्सीखेच. स्वतःचा ग्रुप असेल तर कुब्बचा, म्हणजे लाकडी ठोकळे पाडायच्या खेळाचा, सेट घेऊन जा. दहा लाकडी ठोकळे, एक राजा, सहा दंडुके. ८ बाय ५ मीटरचं मैदान, दोन्ही टोकांना पाच-पाच ठोकळे, मधोमध राजा. खालून हाताने, दंडुका सरळ ठेवून फेकायचा, गरगर फिरवून फेकणं नियमात नाही. समोरचे सगळे ठोकळे पाडल्यावर शेवटी राजा, आणि राजा आधी पडला की खेळ हरलात. हा खेळ गोटलांड बेटावरच्या लोकांनी फार मनावर घेतलाय, तिथल्या रूने गावात १९९५ पासून त्याची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते. बसल्या जागी तीन तास जातात आणि आजोबांपासून नातवंडापर्यंत सगळे खेळू शकतात, म्हणून मला तो फार आवडतो.

कपडे, पाऊस, डास, गोचीड

मिडसोम्मारला पाऊस पडतो हे इथे इतकं गृहीत धरलेलं असतं की पावसामुळे कुणीच काही रद्द करत नाही. दिवसा १५ ते २० डिग्री, रात्री ८-१० पर्यंत उतरतं. पांढरा ड्रेस किंवा सुती कुर्ता जरूर घाला, पण बॅगेत लोकरीचा स्वेटर, रेनजॅकेट, जास्तीचे मोजे, बसायला फोमचं आसन (सतरंजी गवतातला ओलावा पिते आणि मग काही उपयोग नाही), आणि चहाचा थर्मास. बूट बंद. छत्री टाळा, नाचात अडचण होते. पैसे म्हणाल तर कॉफी, वॅफल, लॉटरी सगळं स्विशवर (मोबाइलवरून पैसे द्यायच्या ॲपवर) चालतं, आणि स्विशला स्वीडिश बँक खातं लागतं, त्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांजवळ थोडी रोख ठेवा, छोट्या जागी कार्ड मशीन असेलच असं नाही.

आग पेटवायची असेल तर आधी एल्डनिंग्सफरबूद म्हणजे आगबंदी आहे का ते कम्यूनच्या साइटवर बघा. जून कोरडा गेला तर बंदी लागतेच, २०१८ च्या उन्हाळ्यात जंगलं पेटली होती ते लोक विसरलेले नाहीत. बंदी नसली तरी उघड्या कातळावर आग नको, उष्णतेने दगड कायमचा तडकतो.

पिऊन गाडी चालवायची मर्यादा ०.२ प्रोमिल आहे, म्हणजे व्यवहारात शून्यच समजा, आणि शनिवारी सकाळीही पोलीस तपासतात. पिऊन पोहायला उतरणं त्याहून वाईट, तळ्याचं पाणी वरून कोमट आणि खाली बर्फासारखं असतं.

डासांसाठी स्प्रे. गोचीड मात्र गंभीरपणे घ्या, इथे तिला फेस्टिंग म्हणतात, उंच गवतात असते आणि तिच्यामुळे बोरेलिया आणि टीबीई (मेंदूला सूज आणणारा) असे दोन आजार होतात. टीबीईची लस आहे, स्टॉकहोम, उप्साला आणि आसपास राहणाऱ्यांनी ती घ्यावीच, पण वसंत ऋतूत सुरू करा कारण निदान दोन डोस महिनाभराच्या अंतराने लागतात, वय झालेल्यांना जास्तीचा. पँट मोज्यांत खोचा, निदान फुलं तोडताना.

रात्र

सूर्य स्टॉकहोममध्ये रात्री दहानंतर मावळतो आणि साडेतीनला परत उगवतो, मधे अंधार असा होतच नाही. किरुनाला तर मावळतच नाही. त्यामुळे मुलांना झोपवायचं विसरा. बाहेर रात्री बसणार असाल आणि कुणाच्या स्तूगात, म्हणजे सुट्टीतल्या लाकडी घरात, मुक्काम असेल तर स्वतःची चादर आणि उशीचा अभ्रा नेणं ही पद्धत आहे, आणि संडास अंगणातल्या लाकडी खोलीत असू शकतो, ते आधीच विचारून घ्या म्हणजे आजी-आजोबांची तयारी राहते. आणि घरी बोलावलेल्यांनी वेळ पाळा, दुपारी २ वाजता बोलावलं म्हणजे २ ला पोचा, पावणेदोनलाही नको.

जुन्या प्रथेप्रमाणे लग्न न झालेल्यांनी रात्री घरी जाताना सात प्रकारची फुलं तोडून उशीखाली ठेवायची, स्वप्नात जोडीदार दिसतो. अट एकच, तोडायला निघाल्यापासून झोपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. काही ठिकाणी सात कुंपणंही ओलांडायला लावतात. मुली-मुलांचा ग्रुप असेल तर हे नक्की करा, न बोलता न हसता अर्धा तास चालणं किती अवघड आहे ते कळतं. अट मोडली की फुलं टाकून पहिल्यापासून.

निघताना जागा बघा, तारेचे तुकडे आणि दोरे गवतात राहतात आणि नंतर गुरांच्या पोटात जातात, ते वेचून घ्या. मंडळाचे लोक टेबलं उचलत असतील तर दोन टेबलं तुम्हीही उचला, पुढच्या वर्षी नावाने ओळखतात.

आणि शनिवारी सकाळी अंघोळीआधी सगळ्यांचं अंग तपासा, गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, मुलांचे केस आणि कानांमागे. गोचीड दिसली तर फार्मसीत मिळणाऱ्या खास चिमट्याने कातडीला अगदी टेकवून सरळ ओढा, तेल-तूप काही लावू नका. कोणत्या जागी चावली त्याची तारखेसकट नोंद ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत पाच सेंटिमीटरच्या वर गेला किंवा ताप आला तर ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा.